प्रॉमिथिअस आणि प्रमंथ : एका नावाचा शोध

मागच्या व्याख्यानात आपण झ्यूसचं नाव घेतलं होतं. वेदांतला 'द्यौस् पितर्', ग्रीकांचा 'झेऊ पातेर' आणि रोमन लोकांचा 'ज्युपिटर' ही एकाच नावाची तीन रूपं आहेत, हे आपण फळ्यावर अक्षरं मांडून पाहिलं. ते गणित इतकं चोख सुटतं की ऐकणाऱ्याला वाटतं, आता सगळीच नावं अशी सुटणार. झालंही तसंच. चहाच्या वेळी दोघातिघांनी मोबाइल पुढे केले. सगळ्यांकडे साधारण एकच संदेश आलेला : स्वर्गातून अग्नी चोरून आणणारा ग्रीकांचा प्रॉमिथिअस म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपला 'प्रमंथ' आहे, यज्ञात अग्नी मंथून काढायचा दांडा. 'हे खरं का हो?'

उत्तर एका शब्दात देता आलं असतं, पण मग पुढची सगळी गंमत गेली असती. म्हणून आजचा पूर्ण तास ह्या एका नावासाठी. आधीच सांगतो, हा संदेश कुणा रिकामटेकड्या माणसाच्या डोक्यातून निघालेला नाही. तो बर्लिनमधून आला आहे, आणि त्याला दीडशे वर्षांहून जास्त काळ लोटला आहे.

पण बर्लिनला जाण्याआधी ग्रीसला जाऊ. ज्यांचं नाव, त्यांना ते कसं ऐकू येत होतं हे आधी विचारायला हवं.

आपण इंग्रजी वळणाने 'प्रॉमिथिअस' म्हणतो. अथेन्समधला माणूस 'प्रोमेथेउस' म्हणायचा, आणि त्यातला 'मे' दीर्घ होता. डोरियन बोलीत, म्हणजे कवी पिंडारच्या भाषेत, तेच नाव 'प्रोमाथेउस' होतं. तिथे 'मा' दीर्घ. हा दीर्घ स्वर लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याला फार त्रास देणार आहे. ग्रीकमध्ये 'प्रोमेथेस' म्हणजे आधी विचार करणारा, सावध, आणि 'प्रोमेथेइया' म्हणजे दूरदृष्टी. हे रोजच्या वापरातले शब्द. त्यामुळे सामान्य ग्रीक माणसाला ह्या नावाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नव्हता. पंचतंत्रातले तीन मासे आपल्याला आठवतात ना? अनागतविधाता, प्रत्युत्पन्नमती आणि यद्भविष्य. नाव ऐकलं की मासा काय करणार हे कळतं. प्रॉमिथिअस हा ग्रीकांचा अनागतविधाता.

ह्याचा सगळ्यात जुना पुरावा म्हणजे त्याचा भाऊ. इ.स.पू. ७०० च्या सुमाराच्या हेसिअडच्या काव्यात टायटन इआपेतस याला चार मुलं आहेत : अॅटलस, मेनिशिअस, प्रॉमिथिअस आणि एपिमिथिअस. 'प्रो' म्हणजे आधी, 'एपि' म्हणजे नंतर. एपिमिथिअस म्हणजे घडून गेल्यावर विचार करणारा. आपल्याकडे 'वरातीमागून घोडं' म्हणतात, तो हा घोडा. झ्यूसने पाठवलेली पँडोरा त्याने दारात उभी राहिल्याबरोबर घरात घेतली. झ्यूसकडून काही घेऊ नकोस असं भावाने बजावलं होतं, ते त्याला नंतर आठवलं. हे धाकटं नाव उघडच थोरल्याच्या नावावर बेतलेलं आहे. म्हणजे हेसिअडच्या काळापर्यंत तरी 'प्रोमेथेउस'मध्ये लोकांना 'आधी विचार' हा अर्थ स्पष्ट ऐकू येत होता. नाहीतर विनोद जमलाच नसता.

एकदा अर्थ ऐकू यायला लागला की कवी गप्प बसत नाहीत. 'बंदिवान प्रॉमिथिअस' हे नाटक एस्किलसच्या नावावर आहे. ते त्याचंच का ह्यावर विद्वानांचे वाद आहेत, ते आज बाजूला ठेवू. नाटक उघडतं तेव्हा प्रॉमिथिअसला जगाच्या टोकाला, सिथियातल्या कड्यावर खिळे ठोकून बांधणं चालू आहे. बांधून झाल्यावर 'बळ' नावाचा झ्यूसचा हस्तक त्याला हिणवतो. त्याचा आशय असा की देवांनी तुला हे नाव चुकून दिलं, आता ह्या बेड्यांतून सुटायला तुलाच कुणीतरी दूरदृष्टीचा माणूस शोधावा लागेल. सगळ्या नाटकाची कळ ह्या टोमण्यात आहे. कारण प्रेक्षकांना माहीत आहे की प्रॉमिथिअसला खरोखरच पुढचं दिसतं. झ्यूसचं राज्य कुठल्या लग्नामुळे धोक्यात येणार, हे गुपित त्याच्याजवळ आहे आणि ते तो सांगत नाही. नाव खोटं ठरतंय असं ज्या क्षणी वाटतं, त्याच क्षणी ते सर्वांत खरं आहे.

प्लेटोच्या 'प्रोटॅगोरस'मध्ये दोघे भाऊ प्राण्यांना गुण वाटायला बसतात. वाटप एपिमिथिअस मागून घेतो. कुणाला पंख, कुणाला खूर, कुणाला जाड कातडी. सगळं वाटून होतं आणि मग लक्षात येतं की माणूस नावाचा प्राणी उघडाच राहिला. ती चूक निस्तरायला थोरल्याला आग चोरावी लागते. संवादाच्या शेवटी सॉक्रेटिस पुन्हा ह्या नावाशी खेळतो आणि म्हणतो, आपल्याला त्या गोष्टीत धाकट्यापेक्षा थोरलाच जास्त आवडला. पण आम्हाला स्वतःला सर्वांत आवडतो तो पिंडारचा खेळ. त्याने 'सबब' हिला एपिमिथिअसची मुलगी केलं आहे. उशिरा विचार करणाऱ्याच्या पोटी दुसरं कोण जन्मणार?

आता इथे एक कोडं उभं राहतं. नाव 'विचारा'चं आहे, पण पूजा कसली होती? अथेन्समध्ये प्रॉमिथिअसच्या नावाचा उत्सव व्हायचा. त्यातला मुख्य कार्यक्रम म्हणजे मशालींची शर्यत. शहराबाहेर जिथे पुढे प्लेटोने शिकवलं, त्या अकादमीच्या राईत प्रॉमिथिअसची वेदी होती. धावणारे तिथून मशाल घेऊन शहराकडे पळायचे. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनिअस नियम सांगतो : नुसतं पहिलं येऊन भागत नाही, मशाल पेटती हवी. पहिल्याची विझली तर मान दुसऱ्याला, दुसऱ्याचीही विझली तर तिसऱ्याला, आणि सगळ्यांच्याच विझल्या तर कुणीच जिंकलं नाही. अथेन्सचा कुंभारवाडा ह्याच बाजूला. भट्टीवर काम करणाऱ्यांना ह्या देवाची जवळीक का वाटावी हे वेगळं सांगायला नको. म्हणजे पूजेतला प्रॉमिथिअस हा आगीचा देव आहे, दूरदृष्टीचा नव्हे. शिवाय हेसिकिअस नावाच्या कोशकाराने 'इथास' असा एक विसरलेला शब्द नोंदवला आहे आणि अर्थ दिला आहे : टायटनांचा दूत, प्रॉमिथिअस. म्हणजे ह्याच देवाला कुठेतरी दुसरं नावही होतं.

तेव्हा शंका येणारच. आगीच्या देवाला 'पूर्वविचारी' हे नाव का? की मूळ नाव वेगळंच होतं, त्याचा अर्थ लोक विसरले आणि मग कानाला जवळचा वाटणारा अर्थ त्यांनी त्यात घातला?

नेमकी हीच शंका घेऊन अॅडलबर्ट कून पुढे आले. जन्म १८१२, मृत्यू १८८१, बर्लिनमधल्या एका शाळेत शिक्षक. दिवसा मुलांना शिकवायचं, सुटीत ब्रांडेनबर्गच्या खेड्यांतून फिरून लोककथा गोळा करायच्या आणि रात्री ऋग्वेद वाचायचा, असा हा माणूस. तुलनात्मक भाषाशास्त्राचं एक महत्त्वाचं नियतकालिक त्यांनी १८५२ मध्ये सुरू केलं. १८५९ मध्ये त्यांचं 'अग्नी आणि देवांचे पेय यांचे अवतरण' अशा अर्थाच्या शीर्षकाचं जर्मन पुस्तक आलं. त्याच वर्षी डार्विनचंही पुस्तक आलं. त्या काळी सगळ्यांनाच उगम शोधायचे होते.

कून यांनी काय पाहिलं? जर्मन खेड्यांत गुरांवर रोगाची साथ आली की गावातल्या सगळ्या चुली विझवायच्या, आणि लाकडात लाकूड दोरीने फिरवून नवी आग काढायची, तिच्या धुरातून गुरं न्यायची. आणि यज्ञात काय होतं? खाली अधरारणी, तिला छोटासा खळगा. त्यात उभा दांडा बसवायचा, त्याला दोरीचे वेढे द्यायचे आणि दोरी आळीपाळीने दोन्ही बाजूंना ओढायची. ज्यांनी आजीला ताक घुसळताना पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. रवी तीच, दोरी तीच, हातांची लयही तीच. डेऱ्याच्या जागी शमीवर उगवलेल्या पिंपळाचं लाकूड आणि लोण्याच्या जागी ठिणगी. क्रियापदसुद्धा एकच : मन्थ्. ह्या मंथनातला उभा दांडा म्हणजे 'प्रमंथ'.

प्रमंथ, प्रोमेथेउस. कून यांना काय वाटलं असेल, कल्पना करा. आग आणणारा देव म्हणजे मुळात आग काढणारी काठी! शिवाय संस्कृतात 'प्रमाथ' म्हणजे बळजबरीने हिसकावणं असाही अर्थ आहे. गीतेत इंद्रियांना आणि मनाला लावलेलं 'प्रमाथी' हे विशेषण तुमच्या ओळखीचं आहे. म्हणजे 'घासून काढणं' आणि 'हिसकावून आणणं' हे दोन्ही अर्थ एकाच धातूत मिळाले, आणि त्यातूनच चोरीची कथा जन्मली, असं कून यांनी मांडलं. त्यांनी साक्षीदारही आणले. इ.स.पू. पहिल्या शतकातला डायोडोरस लिहितो की प्रॉमिथिअसने आग चोरली असं म्हणतात, पण खरं तर आग पाडण्याची साधनं त्याने शोधली. दक्षिण इटलीतल्या थुरिआय ह्या ग्रीक वसाहतीत झ्यूसला 'प्रोमान्थेउस' म्हणत असल्याची नोंद एका दुर्बोध काव्याच्या टीकेत मिळते. तिथे तर अनुस्वारही हजर. आम्ही विद्यार्थी असताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. खोटं कशाला सांगा.

तो काटा उतरायला बराच काळ गेला.

पहिली अडचण अगदी साधी आहे. हेसिअडच्या कथेत प्रॉमिथिअसच्या हातात काय आहे? काठीवर फिरणारी काठी नाही. आहे 'नार्थेक्स', एका उंच बडीशेपेसारख्या झाडाचा पोकळ दांडा. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने हे झाड आपल्या हिंगाच्या प्रजातीतलं, फेरुला. त्याच्या आतला गर वाळला की निखारा धरून हळूहळू धुमसत राहतो, आणि बाहेरची साल जळत नाही. भूमध्य समुद्राच्या काठचे लोक एका जागेहून दुसरीकडे विस्तव न्यायला तो वापरायचे. ग्रीक बेटांवर अठराव्या शतकाच्या आरंभी तुर्नफोर ह्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानेही हे पाहिलं. म्हणजे सर्वांत जुन्या कथेतलं साधन विस्तव *नेण्याचं* आहे, पाडण्याचं नाही. लपवून, काठी टेकत चाललोय असं दाखवत, झ्यूसच्या डोळ्यांदेखत. ही कथा घर्षणाची नव्हे, तस्करीची आहे.

दुसरी गोष्ट. ग्रीकांना मंथनाने आग पाडायची साधनं चांगली ठाऊक होती आणि त्यांची स्वतःची नावं होती. अॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस कोणतं लाकूड कशाला घ्यावं ते सांगतो : खालची फळी आयव्हीसारख्या वेलीची, फिरणारा दांडा लॉरेलचा. फिरत्या दांड्याला तो 'त्रिपानोन' म्हणतो, म्हणजे सुताराचा गिरमिट. 'प्रोमेथेउस'च्या जवळ जाणारा शब्द तिथे कुठेच नाही. आणि ही साधनं प्रथम कोणी काढली? हर्मिसच्या जुन्या स्तोत्रात तो मान हर्मिसला आहे. उलट बाजूने पाहिलं तर 'प्रमंथ' हा दांड्याचा वाचक शब्द आपल्याला भेटतो तो यज्ञाचे तपशील सांगणाऱ्या उत्तरकालीन ग्रंथांत. ज्या दूरच्या काळात ग्रीक आणि वैदिक लोकांचे पूर्वज एक भाषा बोलत होते असं मानतात, तिथपर्यंत तो मागे नेता येत नाही.

तिसरी अडचण उच्चाराची. इथे जरा फळ्याकडे पाहा. भाषांची तुलना म्हणजे कानाला सारखं लागणं नव्हे. अक्षराच्या बदल्यात अक्षर ठरलेलं असावं लागतं. संस्कृत 'मधु', ग्रीक 'मेथु', म्हणजे मद्य. संस्कृत 'धूम', ग्रीक 'थूमोस'. म्हणजे ग्रीक 'थ'च्या समोर संस्कृतात 'ध' येतो. आणि संस्कृत 'थ'च्या समोर? 'पृथु' म्हणजे रुंद, ग्रीकमध्ये 'प्लातुस'. प्लेटो हे नाव त्याच्या रुंद खांद्यांवरून पडलं अशी जुनी आख्यायिका आहे ती ह्याच शब्दावरून. 'पन्था' म्हणजे वाट, ग्रीक 'पातोस'. 'स्था'च्या समोर 'स्ता'. म्हणजे संस्कृत 'थ'च्या जागी ग्रीकमध्ये बहुधा साधा 'त' हवा. आपल्या 'मन्थ्'चा सख्खा भाऊ ग्रीकमध्ये असता तर त्यात 'त' दिसायला हवा होता, आणि 'प्रोमेथेउस'मध्ये 'थ' आहे. कानाला जुळलेलं अक्षर हिशेबात जुळत नाही. आणि तो दीर्घ 'मा'! 'प्रमंथ'मधला अनुस्वार जाऊन तिथे दीर्घ स्वर का यावा, ह्याचं समाधानकारक उत्तर कून यांच्याकडे नव्हतं.

मग पूर्वविचाराचा अर्थ तरी निर्दोष आहे का? नाही. 'शिकणे' ह्या अर्थाच्या ग्रीक 'मान्थानेइन'शी त्याचं नातं जोडतात, मॅथेमॅटिक्स त्यातलाच. तिथला 'थ' 'ध'पासून आलेला म्हणून बिनतक्रार बसतो, आणि मागे जाऊन तो 'मन', 'मती' ह्या घराण्याला मिळतो असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण त्यातला 'मा' ऱ्हस्व आहे आणि आपल्या नावातला दीर्घ. आवडत्या स्थळाची पत्रिकासुद्धा पूर्ण जुळत नाही.

ह्या प्रश्नाला पुढचं वळण मिळालं ते १९६० मध्ये, योहाना नार्टेन ह्या जर्मन विदुषीच्या लेखाने. त्यांनी वेदांतल्या 'मथ्' धातूचे सगळे प्रयोग एकत्र मांडले आणि दाखवलं की आपण एक समजतो ते मुळात दोन धातू आहेत. एक घुसळण्याचा, 'मन्थ्'. दुसरा हिसकावून नेण्याचा, 'मथ्'. दिसायला जुळे, पण मायबाप वेगळे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं त्र्याण्णवावं सूक्त अग्नी आणि सोम ह्या जोडीचं आहे. त्यात एका ऋचेत सांगितलं आहे की ह्यातल्या एकाला मातरिश्व्याने द्युलोकातून आणलं आणि दुसऱ्याला श्येनाने, म्हणजे गरुडासारख्या पक्ष्याने, पर्वतावरून आणलं. पक्ष्याच्या बाजूला क्रियापद आहे 'अमथ्नात्'. आता पक्षी पर्वतावर बसून घुसळणार कसा? तो झडप घालून नेतो. आणि हाच धातू इतरत्र मातरिश्वा आणि अग्नी ह्यांच्या संदर्भातही येतो.

म्हणजे काठी गेली आणि चोर आला! 'प्र' उपसर्ग आणि हिसकावणारा 'मथ्' एकत्र घेतले तर 'प्रोमाथेउस' म्हणजे 'हिसकावून नेणारा', असं आज काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. कथेशी हे फार छान बसतं. दूर कुठेतरी असलेली आग माणसांसाठी घेऊन येणारा एक जण वेदांत आहे, एक ग्रीसमध्ये. पण तुलना करताना जे जुळत नाही तेही तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगायला हवं. मातरिश्व्याला कुणी शिक्षा करत नाही. त्याचं देवांशी भांडण नाही, त्याला कड्याला बांधत नाहीत, त्याचं काळीज खायला कुणी येत नाही. तो आग आणतो, भृगूंना देतो आणि सगळे खूश असतात. कधी तर मातरिश्वा हे अग्नीचंच नाव असतं, पुढे तो वारा होतो. आणि यास्काचार्य 'मातरि' म्हणजे अंतरिक्षात श्वास घेणारा अशी त्याची फोड करतात, म्हणजे ग्रीकांनी केलं तेच : नाव जुनं, अर्थ आपल्या कानाचा. उच्चाराचं म्हणाल तर 'थ'ची ती गाठ ह्या चोरालाही पूर्ण सुटलेली नाही. आमचं स्वतःचं मत विचाराल तर चोर आम्हाला काठीपेक्षा कितीतरी जास्त पटतो. पण 'द्यौस् पितर्'च्या शेजारी त्याला बसवायला आम्ही तयार नाही.

आता त्या काठीचं पुढे काय झालं ते पाहू, कारण आजचा विषय घेण्याचं खरं कारण ते आहे. भाषाशास्त्रात दुरुस्ती व्हायला शंभर वर्षं लागली, आणि तेवढ्यात काठी बरीच फिरून आली होती.

अथेन्समधल्या फ्रेंच संशोधन-संस्थेचे संचालक एमिल बर्नूफ होते. अवेस्तावाले मोठे पंडित युजीन बर्नूफ ते हे नव्हेत. हे त्यांचे नातलग. एमिल यांनी ठरवलं की स्वस्तिक म्हणजे आडव्या ठेवलेल्या दोन अरणी आणि त्यांच्या मधोमध प्रमंथ. त्याच सुमारास हाइनरिख श्लीमान तुर्कस्तानात हिसार्लिकच्या टेकडीवर ट्रॉय खणत होते, आणि त्यांना सापडलेल्या मातीच्या चकत्यांवर स्वस्तिकाची खूण होती. १८७४ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी बर्नूफांची ही उपपत्ती प्रमंथासकट आणि प्रॉमिथिअससकट घेतली. आता ट्रॉयची माती, अरणी, स्वस्तिक आणि 'आर्य' हा शब्द एका ओळीत बसले. गंमत म्हणजे सावध करणारा आवाज मॅक्स म्यूलर यांचा होता. श्लीमानना पाठवलेल्या पत्रात त्यांनी स्वच्छ लिहिलं की भारताबाहेरच्या खुणेला 'स्वस्तिक' हा शब्द वापरणं मला आवडत नाही; शब्दाला स्वतःचा इतिहास असतो. श्लीमाननी हे पत्र १८८० च्या आपल्या पुढच्या पुस्तकात छापलंसुद्धा. वाचलं किती जणांनी, हा प्रश्न वेगळा.

त्याच्या थोडं आधी, १८७२ मध्ये, नीत्शेचं पहिलं पुस्तक आलं. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर बेड्या तुटलेल्या प्रॉमिथिअसचं चित्र, आणि आत असं प्रतिपादन की प्रॉमिथिअसची कथा ही समस्त आर्य लोकसमूहाची मूळ मालमत्ता आहे. तिच्यासमोर उभी केली होती सेमिटिक लोकांची, आदम-हव्वेच्या पापाची कथा. एका कथेला वंश चिकटला. १९२५ मध्ये छापलेल्या हिटलरच्या आत्मचरित्रात 'आर्य' माणसाला मानवजातीचा प्रॉमिथिअस म्हटलं आहे.

कून यांना ह्यासाठी जबाबदार धरणं अन्यायाचं होईल. रात्री दिव्याखाली ऋग्वेद वाचणाऱ्या त्या शिक्षकाला एवढंच कळून घ्यायचं होतं की एका देवाचं नाव कुठून आलं. पण जुळणाऱ्या दोन शब्दांवर रक्ताचं नातं उभं करायची सवय त्या काळाला लागली होती, आणि एकदा नातं ठरलं की कोण आतला आणि कोण बाहेरचा हेही ठरायला वेळ लागत नाही.

आपल्याकडेही हा खेळ झाला, वेगळ्या हेतूने. लोकमान्य टिळकांच्या १८९३ च्या 'ओरायन' ग्रंथाचं नावच एका ग्रीक पुराणकथेतल्या शिकाऱ्याचं आहे. मृगनक्षत्रात वसंतसंपात होता तो काळ वेदांचा, हा त्यांचा ज्योतिषाचा युक्तिवाद. त्याच्या जोडीला त्यांनी 'ओरायन' हे नाव 'आग्रयण' ह्या शब्दाशी जोडलं. आजचे भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती मानत नाहीत. पण टिळकांनी ती ग्रहगतींच्या गणितासोबत, वादाला आमंत्रण देत, कारणं दाखवून मांडली होती. मोबाइलवर येणाऱ्या संदेशात कारणं नसतात. नुसतं 'अभिमानाने पुढे पाठवा' असतं.

तर त्या संदेशाचं उत्तर. प्रमंथ आणि प्रॉमिथिअस ह्यांचं नातं १८५९ मध्ये एका विद्वानाने गंभीरपणे मांडलं होतं. ते उच्चाराच्या हिशेबात टिकलं नाही आणि कथेतल्या त्या हिंगाच्या भावकीतल्या दांड्यानेही त्याच्या विरुद्ध साक्ष दिली. हिसकावून नेणारा 'मथ्' हा उमेदवार अजून शर्यतीत आहे, मशाल कधी पेटती, कधी धुमसती. आणि ग्रीकांना मात्र हेसिअडपासून सॉक्रेटिसपर्यंत ह्या नावात 'आधीचा विचार' ऐकू आला. तो मुळातला असो की मागून आलेला, एस्किलसचं नाटक त्याच्यावर उभं आहे.

वेळ झाली आहे. एका बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे : 'धाकट्या भावाच्या बायकोचं काय?' बरोबर, पँडोरा. हेसिअड म्हणतो की सगळ्या देवांनी तिला भेटी दिल्या म्हणून ती पँडोरा. पण ब्रिटिश म्युझियममध्ये इ.स.पू. पाचव्या शतकातला एक पांढऱ्या पार्श्वभूमीचा पेला आहे. त्यावर अथेना आणि हेफेस्टस एका मुलीला सजवत आहेत, प्रसंग तोच, आणि मुलीच्या डोक्याशी नाव लिहिलं आहे 'अनेसिडोरा', म्हणजे जमिनीतून देणग्या वर पाठवणारी. घेणारी की देणारी, तिथून पुढच्या वेळी सुरुवात करू.